आकाशपाळण्यातील वजन

छत्तीसगडातील राजिम येथे माघ पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत मोठी जत्रा भरते. महानदी, पैरी व सोंढूर या नद्यांच्या संगमावरील हे क्षेत्र रायपूरपासून सुमारे ४५ किलोमीटर अंतरावर आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून मराठी कुटुंबे या मुलखात वसत आली, आणि तीही इतरांबरोबर या जत्रेस जातात. देवदर्शन आटोपले की मुलांची पावले आपोआप आकाशपाळण्याकडे वळतात. ज्यांना दूरचा प्रवास परवडतो ती कुटुंबे मुंबईकडे जाऊन खोपोलीजवळचे, २०१३ साली खुले झालेले इमॅजिका हे विस्तीर्ण क्रीडोद्यान पाहतात. जत्रेतील पाळणा आणि तेथील रोलर कोस्टर यांच्या किमतीत जमीनअस्मानाचा फरक आहे. परंतु त्यांत बसलेल्या शरीरावर चालणारे नियम एकच होत.

मनुष्यास आपले वजन प्रत्यक्ष जाणवत नाही. जाणवतो तो बैठकीने खालून दिलेला रेटा. घरातील पाटावर हा रेटा वजनाइतकाच असतो, म्हणून दोहोंतील भेद ध्यानात येत नाही. पाळणा फिरू लागताच तो उघड होतो. वर्तुळात फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूस केंद्राकडे ओढणारी प्रेरणा लागते. पाळणा तळाशी असताना केंद्र वरच्या बाजूस असते. तेव्हा बैठकीला वजन तोलून शिवाय वर ढकलावे लागते. माथ्यावर केंद्र खाली असते, आणि वजनाचा काही भाग त्या कामी खर्ची पडतो.

असे समजू की चाकाची त्रिज्या ६ मीटर असून एक फेरा १० सेकंदांत पुरा होतो. गणित केल्यास केंद्राभिमुख प्रवेग गुरुत्वप्रवेगाच्या सुमारे एकचतुर्थांश भरतो. म्हणजे ४० किलोग्रॅम वजनाच्या मुलीस तळाशी आपण ५० किलोग्रॅमच्या झालो असे वाटेल, आणि माथ्यावर अवघ्या ३० च्या. उतरताना पोटात जो गोळा येतो त्याचे मूळ या घटीत आहे.

पाळणेवाला गिऱ्हाइकांना ओळीने न बसविता एक पाळणा भरून लगेच समोरचा का भरतो, याचे पुष्कळांना कोडे पडते. एकाच बाजूस भार पडला तर चाक त्या बाजूने खाली येऊ पाहते, चढत्या फेरीत यंत्रावर ताण येतो आणि उतरत्या फेरीत गतिरोधकावर. त्याने बलविज्ञानाचे पुस्तक वाचलेले नसेल, पण तराजू त्याला उत्तम समजतो. १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात फेरिस या अभियंत्याने उभारलेल्या सुमारे ८० मीटर उंचीच्या चाकास ३६ डबे होते व प्रत्येकात ६० माणसे मावत. तेथेही तोल सांभाळण्याचा प्रश्न हाच होता.

रोलर कोस्टरला स्वतःचे इंजिन बहुधा नसते. साखळीने तिला एकदा उंचावर नेऊन सोडले की पुढील सर्व धाव त्या उंचीच्या भांडवलावर चालते. ४० मीटर उंचीवरून घसरलेल्या गाडीचा वेग, घर्षण नसल्यास, तळाशी ताशी सुमारे १०० किलोमीटर होतो. गाडी भरलेली असो वा रिकामी. घर्षणाने भांडवल सतत घटत असल्यामुळे पुढची प्रत्येक टेकडी साधारणपणे आधीच्या टेकडीहून ठेंगणी ठेवावी लागते.

या गाडीस उभ्या वळशातून उलटी फिरविण्याची हौस जुनी आहे. १८९५ साली अमेरिकेतील कोनी आयलंड येथे असा वळसा बांधण्यात आला. तो पूर्ण वर्तुळाकार होता, आणि तेथेच घात झाला. वर्तुळाच्या माथ्यावर बैठक न सुटण्यास लागणारा किमान वेग धरला, तरी तळाशी रेटा वजनाच्या सहापट होतो. ४० किलोग्रॅमचे मूल क्षणभर २४० किलोग्रॅमचे झाल्यासारखे दबते. वळशात शिरताना हा रेटा एकदम येई व प्रवाशांच्या माना दुखावत. हा खेळ फार काळ टिकला नाही यात नवल नाही. पुढे १९७६ साली कॅलिफोर्नियातील एका उद्यानात जर्मन अभियंते वेर्नर श्टेंगेल यांच्या आखणीने थेंबाच्या आकाराचा वळसा आला. त्यात तळाशी वेग अधिक असतो तेथे त्रिज्या मोठी, आणि माथ्यावर वेग मंदावतो तेथे लहान असते. रेटा हळूहळू चढतो व सोसण्याजोगा राहतो.

उंचीची पट्टी दाखवून लहान मुलास दारातून परत पाठविले की मूल रडते आणि वडीलमंडळी रखवालदाराशी हुज्जत घालतात. त्या पट्टीमागे कारण आहे. टेकडीच्या माथ्यावरून वेगाने जाताना शरीर सरळ रेषेत पुढे निघू पाहते व बैठकीपासून उचलले जाते. त्या क्षणी मांड्यांवरील किंवा खांद्यांवरील दांड्याखेरीज त्यास धरणारे काहीच नसते. दांडा ठराविक बांध्यासाठी घडविलेला असतो. लहान अंग त्याखालून निसटू शकते. शिवाय बालकाचे डोके शरीराच्या मानाने जड व मान कोवळी असते. टाचा उंचावून पट्टी गाठणे म्हणजे दांड्यास फसविणे नव्हे, मुलास संकटात लोटणे होय.

फेरी संपल्यावरही काही वेळ जग फिरत राहते. कानाच्या आतील अर्धवर्तुळाकार नलिकांत द्रव असतो. शरीर थांबले तरी तो क्षणभर फिरतो आणि मेंदूस खोटी वर्दी देतो. डोळे वेगळेच सांगत असल्याने मळमळ सुटते. म्हणून फराळ पाळण्यानंतर ठेवावा, फिरताना दूरच्या स्थिर वस्तूकडे पाहावे, आणि उतरताच आजीजवळ दोन मिनिटे बाकावर बसावे.