घटक ४ : बॅकअप प्रणालीतील सूचीचे कार्य

४.० उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला
• बॅकअप घेताना व फाइली परत मिळवताना सूचीचा उपयोग कसा होतो, हे सांगता येईल.
• सूचीतील नोंद आणि प्रत्यक्ष साठवलेली माहिती यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• सूचीचा स्वतंत्र बॅकअप का आवश्यक असतो, हे विशद करता येईल.

४.१ प्रास्ताविक
ग्रंथालयातील सर्व ग्रंथ सुरक्षित असले, तरी ग्रंथतालिका नष्ट झाल्यास हवा तो ग्रंथ शोधण्यासाठी प्रत्येक कपाट धुंडाळावे लागते. संगणकीय बॅकअपमध्ये तालिकेचे हे स्थान सूचीला, म्हणजेच कॅटलॉगला असते. ‘बॅकुला’ या मुक्त सॉफ्टवेअरच्या आधारे तिचे कार्य समजून घेऊ.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ सूचीत काय असते?
बॅकुलामध्ये फाइल डीमन हा भाग फाइली वाचतो, स्टोरेज डीमन त्या टेपवर किंवा डिस्कवर लिहितो आणि डायरेक्टर या सर्व कामाचे नियंत्रण करतो. फाइलींतील मजकूर सूचीत नसतो. कोणते काम केव्हा झाले, त्यात कोणत्या फाइली होत्या आणि त्या कोणत्या टेपवर, कोठे लिहिल्या, एवढ्याच नोंदी तिच्यात असतात. त्यांसाठी पोस्टग्रेएसक्यूएलसारखा डेटाबेस वापरतात.

४.२.२ बॅकअप घेताना
केवळ बदललेल्या फाइलींचा बॅकअप घ्यायचा असल्यास, मागील यशस्वी बॅकअप केव्हा झाला, हे डायरेक्टर सूचीत पाहतो. पूर्ण बॅकअपची नोंद न आढळल्यास तो पूर्ण बॅकअपच घेतो. कोणत्या टेपवर लिहिता येईल, हेही सूचीवरूनच ठरते.

४.२.३ फाइली परत मिळवताना
डायरेक्टर शेवटचा पूर्ण बॅकअप आणि त्यानंतरचे आवश्यक बॅकअप सूचीतून निवडतो व त्यांवरून फाइलींची मांडणी दाखवतो. आपण निवडलेली फाइल कोणत्या टेपवर कोठे आहे, हे स्टोरेज डीमनला कळवले जाते. त्यामुळे सगळ्या टेप वाचाव्या लागत नाहीत.

४.२.४ नोंदींची मुदत
सूची अमर्याद वाढू नये म्हणून नोंदींना मुदत असते. वेगळी सूचना न दिल्यास फाइलींच्या नोंदींसाठी ती ६० दिवस आणि कामांच्या नोंदींसाठी १८० दिवस असते. समजा, चुकून पुसलेला दस्तऐवज चौथ्या महिन्यात हवा आहे. तो टेपवर शाबूत असला, तरी त्याची नोंद सूचीतून गेलेली असू शकते. अशा वेळी ती एकच फाइल निवडता येत नाही. त्या कामातील सर्व फाइली परत आणाव्या लागतात. म्हणून माहिती किती काळ लागेल, याचा विचार करूनच मुदत ठरवावी.

४.२.५ सूचीचे रक्षण
सूची असलेला संगणकच बिघडला, तर टेप शाबूत असूनही त्यांतील माहितीचा माग लागणे कठीण होते. ‘बीस्कॅन’ हे साधन टेप वाचून नोंदी पुन्हा तयार करते; परंतु हे काम वेळखाऊ असते. म्हणून दिवसाची सर्व कामे संपल्यावर सूचीचाही बॅकअप घ्यावा आणि तो कोठे आहे, हे दर्शवणारी छोटी फाइल दुसऱ्या संगणकावर ठेवावी.

४.३ सारांश
सूची म्हणजे माहिती नव्हे, तर माहितीचा ठावठिकाणा होय. तो हरवल्यास जतन केलेली माहितीही वेळेवर हाती येत नाही.

४.४ स्वयं-अध्ययन प्रश्न
१. फाइलीची नोंद सूचीतून जाणे आणि फाइल टेपवरून नष्ट होणे यांतील फरक स्पष्ट करा.
२. सूचीचा बॅकअप इतर कामांनंतर का घ्यावा? सकारण लिहा.