फोन चांगला होता, पण कुणाचा होता?

जुना मोबाइल हातात आला की आपण आधी कॅमेरा उघडतो. मग स्क्रीनवर बोट फिरवून टच बघतो, आवाज वाढवून स्पीकर बघतो, चार्जर लावून बघतो. एवढं झालं की भावाची घासाघीस सुरू. हा फोन याच्याकडे आला कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही. मी आता तो प्रश्न सगळ्यात आधी विचारायला सांगते, त्यामागे माझा अनुभव आहे.

मुलीची अकरावी सुरू झाली तेव्हा तिच्यासाठी गावातल्या एका दुकानातून जुना फोन घेतला. 9 हजार रुपये दिले. फोन उत्तम होता, तक्रारीला जागाच नव्हती. दिवाळीच्या सुमारास एका सकाळी त्याचं नेटवर्क गेलं. सिम बिघडलं असेल म्हणून ते माझ्या फोनमध्ये घातलं, तर व्यवस्थित चाललं. माझं सिम तिच्या फोनमध्ये घातलं, ते चालेना. दोनच दिवसांनी मला फोन आला. सोलापूर जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यातून बोलतोय, तुमच्या नावाचं सिम ज्या मोबाइलमध्ये घातलं होतं तो चोरीचा आहे, तो जमा करा.

हल्ली पोलीस असल्याचं सांगून लुबाडणारे इतके आहेत की आम्ही आधी विश्वास ठेवला नाही, आणि तेच बरोबर होतं. ठाण्याचं नाव लिहून घेतलं, जिल्हा पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावरून तिथला नंबर काढला आणि आपणहून फोन लावला. माहिती खरी निघाली. आषाढीच्या गर्दीत पंढरपुरात एका वयस्कर बाईंच्या पिशवीतून तो फोन गेला होता. घरच्यांनी तक्रार नोंदवली, पण बरीच उशिरा. मधल्या काळात फोन किती हातांतून फिरला कुणास ठाऊक. माझ्या मुलीचे वर्गातले फोटो त्यात होते, आणि त्याआधी त्या बाईंच्या नातवंडांचे फोटो कुणीतरी एका झटक्यात पुसून टाकले होते. हे कळल्यावर नऊ हजारांपेक्षा त्या पुसलेल्या फोटोंचंच मला जास्त वाईट वाटलं.

हे सगळं उघडकीला येतं ते आयएमईआय क्रमांकामुळे. प्रत्येक मोबाइलला 15 अंकी क्रमांक असतो, दोन सिमच्या फोनला असे दोन. फोन हरवल्याची तक्रार पोलिसांकडे देऊन केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तो क्रमांक बंद करता येतो. 2023च्या मे महिन्यापासून ही सोय देशभर आहे. मग कोणत्याही कंपनीचं सिम घातलं तरी तो फोन चालत नाही. शिवाय कुणी त्यात सिम घातलं की ते कुणाच्या नावावर आहे हे पोलिसांपर्यंत पोचतं. आमच्या फोनमधलं सिम माझ्या नावावर होतं, म्हणून पोलिसांनी मला गाठलं.

याच व्यवस्थेचा उपयोग घेणाऱ्यालाही होतो. फोनवर *#06# दाबा, क्रमांक समोर येतो. मेसेजमध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांत केवायएम लिहून, एक जागा सोडून तो क्रमांक टाका आणि 14422 वर पाठवा. उत्तरात कंपनी आणि मॉडेल येतं, ते हातातल्या फोनशी जुळतंय का बघा. क्रमांक काळ्या यादीत आहे, बनावट आहे किंवा आधीच वापरात आहे असं उत्तर आलं, तर तो फोन तिथेच परत द्या. दोन सिमचा फोन असेल तर दोन्ही क्रमांक तपासा.

पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. मी घेतला त्या दिवशी आमचा फोनही या तपासणीत स्वच्छच दिसला असता, कारण तक्रार तोवर नोंदलेलीच नव्हती. चोरी आणि तक्रार यांच्यात जे दिवस जातात, नेमक्या त्याच दिवसांत चोरीचा माल बाजारात खपवला जातो. म्हणून माझा सगळा भर बिलावर आहे. मूळ बिल आणि खोका मागा. बिलावरचा, खोक्यावरचा आणि फोनवर दिसणारा क्रमांक एकच हवा. विकणारा सांगेल, ‘बिल हरवलं, पण खोका आहे’. नुसत्या खोक्यावर जाऊ नका, रिकामे खोकेही विकत मिळतात. दुकानदाराने तो फोन कुणाकडून घेतला याची नोंद त्याच्याकडे हवी आणि ती दाखवायला त्याची हरकत नसावी.

कायद्याची बाजू कडक आहे, पण ती माहीत असायला हवी. 1930च्या माल विक्री कायद्याचं कलम 27 सांगतं की विकणाऱ्याचा जेवढा हक्क, त्याहून जास्त हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. चोराची मालकी नव्हती, तर त्याच्याकडून घेणाऱ्याची नाही, आणि माझीही नाही. मी पूर्ण पैसे मोजले होते हे खरं, तरी फोन त्या बाईंचाच. भारतीय न्याय संहितेचं कलम 317 त्याहून पुढे जातं. माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना जो तो घेतो, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वीस हजारांचा फोन बिलाशिवाय पाच हजारांत मिळत असेल तर ‘मला काय माहीत’ हे म्हणणं किती टिकेल, याचा विचार आधी करा.

दुकानदाराने मला एक चिठ्ठी दिली होती. तिच्यावर ‘1 मोबाइल, 9,000’ एवढंच. ना क्रमांक, ना मॉडेल. परत गेले तेव्हा तो फोन आपल्याच दुकानातला हे मान्य करायला तो तयार होईना. म्हणून पावतीवर दोन्ही आयएमईआय क्रमांक, मॉडेल, रक्कम, तारीख, नाव आणि सही एवढं हवंच. ओळखीच्या माणसाकडून घेत असाल तरी कागद करा आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या. पैसे रोख न देता यूपीआयने द्या, म्हणजे बँकेत खूण राहते. पावतीवर क्रमांक लिहायला जो कांकू करतो, त्याच्याकडून फोन घेऊच नका.

चोरीचा नसलेला फोनही अडकलेला असू शकतो. हल्ली बरेच फोन हप्त्यावर घेतलेले असतात आणि हप्ता थकल्यावर कर्ज देणाऱ्या कंपन्यांनी असे फोन दुरून बंद केल्याचीही उदाहरणं आहेत. बिलावर कर्जाचा उल्लेख दिसला तर कर्ज फिटल्याचं पत्र मागा. दुसरं कुलूप गूगल किंवा ॲपलच्या खात्याचं. विकणाऱ्याला आपल्यासमोर आधी त्याचं खातं फोनमधून काढून टाकायला लावा, आयफोन असेल तर ‘फाइंड माय’ बंद करायला लावा, मगच फोन पुसायला सांगा. त्यानंतर तो तिथेच पहिल्यापासून सुरू करून मुख्य पडद्यापर्यंत न्या. मध्येच जुन्या मालकाचा पासवर्ड मागितला किंवा हा फोन अमुक संस्थेच्या ताब्यात आहे असं काही दिसलं, तर उठून चालू लागा. ‘उद्या काढून देतो’ यावर पैसे देऊ नका.

बाकी तपासण्या बहुतेकांना ठाऊक असतात. बदललेला स्वस्त डिस्प्ले उन्हात फिका दिसतो. आयफोनची ‘बॅटरी हेल्थ’ 80 टक्क्यांच्या खाली गेली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च भावातून वजा करा. अमेरिकेतून आलेल्या आयफोन 14 आणि त्यापुढच्या फोनांना सिमचा कप्पाच नसतो, फक्त ई-सिम चालतं, हे घरातल्या मोठ्यांसाठी घेताना लक्षात ठेवा. सुरक्षा अपडेट शेवटचं कधी आलं तेही बघा, कारण त्याच फोनवरून बँकेचे व्यवहार होणार असतात.

एवढं करूनही पोलिसांचा फोन आलाच तर घाबरून फोन फेकून देऊ नका आणि विकू तर अजिबात नका. आधी खात्री करा. तडजोडीचे पैसे पाठवा असं सांगणारा पोलीस नव्हे, त्याची तक्रार 1930 या सायबर हेल्पलाइनवर करा. खरं असेल तर फोन ठाण्यात जमा करून लेखी पोच घ्या. ती पोच आणि क्रमांक असलेली पावती, या दोन कागदांवर दुकानदाराकडून पैसे मागता येतात, कारण विकायचा हक्क नसलेली वस्तू त्याने विकलेली असते. तो ऐकत नसेल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर सल्ला घ्या, नाहीतर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.

आणि घरात नवा फोन आला की त्याचं बिल फाडू नका. त्याचा फोटो स्वतःला ईमेल करून ठेवा. फोन हरवला तर तक्रार त्याच दिवशी नोंदवता येईल, आणि पुढे कधी विकलात तर घेणाऱ्याच्या हातात मूळ बिल देता येईल.