हाली आणि कलदार

मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तेव्हा नांदेड-लातूरच्या पेठांत दोन रुपये चालत. संस्थानाचा तो हाली आणि इंग्रज सरकारचा तो कलदार. ७ हाली म्हणजे ६ कलदार, असा हिशेब असे. बार्शीकडून रेल्वेने लातुरास येणारा माल व्यापारी कलदार मोजून आणीत. शेतकऱ्याच्या कनवटीस मात्र बहुधा हाली.

मुलांनो, अशी कल्पना करा. एका कापडदुकानात लुगड्याचे ७ रुपये सांगितले, शेजारच्या दुकानात ६. भोळे गिऱ्हाईक शेजारीच जाणार! परंतु पहिला भाव हाली व दुसरा कलदार असेल, तर दोहोंत एका पैचाही फरक नाही. नाण्याचे नाव न घेता भाव सांगणारा दुकानदार खोटे बोलला, असे म्हणता येत नाही. पण सचोटीच्या दुकानदाराने ते नाव आधीच घ्यावे, पैसे मोजून घेताना नव्हे.

१९४८ साली संस्थान भारतात सामील झाले आणि पुढे हाली नाणे चलनातून गेले. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले. कोष्टकाप्रमाणे एका आण्याचे ६ नवे पैसे, तीन आण्यांचे मात्र १९. आण्याला एक अशा तीन पेन्सिली एकेक करून घेतल्या तर १८ नवे पैसे, एकदम घेतल्या तर १९!