माळावरचा लांडगा आणि बर्फावरचा लांडगा

सोलापूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून सुमारे वीस किलोमीटरांवर, नान्नज नावाचे गाव आहे. गावाबाहेर गवताळ माळ दूरवर पसरलेले आहेत. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये या भागात अभयारण्य घोषित झाले. माळढोक आता फारच दुर्मीळ झाला आहे. परंतु काळवीट, खोकड आणि लांडगा यांचा वावर येथे अद्याप आहे. वैशाखात या माळावर पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. अशा वेळी लांडगा एखाद्या झुडपाच्या तोकड्या सावलीत जीभ बाहेर काढून धापा टाकीत पडलेला असतो.

याच लांडग्याचे भाऊबंद उत्तर ध्रुवाजवळ, कॅनडातील एल्समिअर बेटावर राहतात. तेथे हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही आणि थंडी शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत जाते. असे असूनही त्या लांडग्याच्या शरीरातील उष्णता नान्नजच्या लांडग्याइतकीच, म्हणजे सुमारे ३८ अंश असते. बाहेर उणे ४० आणि आत ३८. मध्ये अठ्ठ्याहत्तर अंशांचे अंतर! हे अंतर राखण्यासाठी त्याच्यापाशी ना घर, ना शेकोटी.

पहिला आधार आहे तो आकाराचा. आपला लांडगा साधारणपणे वीस किलोग्रॅम वजनाचा असतो. ध्रुवाकडचा त्याच्या दुप्पट आणि कधी त्याहूनही भारी. लोट्यातील कढत पाणी लवकर निवते, पण घंगाळातील पुष्कळ वेळ गरम राहते, हे घरोघरी ठाऊक आहे. मोठ्या शरीरात उष्णता साठते अधिक, आणि त्या मानाने ती निसटून जावयास कातडीचा पृष्ठभाग थोडा असतो. कार्ल बर्गमन या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये हा नियम मांडला. त्याचीच पुढची पायरी १८७७ मध्ये जोएल ॲलन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखविली: थंड प्रदेशातील प्राण्यांचे कान, पाय व शेपटी आखूड असतात. आपल्या माळावरचे खोकड पाहावे. त्याचे कान केवढे उभे आणि लांब! ध्रुवप्रदेशातील कोल्ह्याचे कान मात्र इवलेसे, गोल आणि केसांत दडलेले असतात.

तथापि खरी मातब्बरी आहे ती केसांची. ध्रुवाकडील लांडग्याच्या अंगावर दुहेरी आवरण असते. वर लांब, राठ केस. त्यांवरून हिम घसरून पडते. खाली दाट, मऊ लव. तिच्यात हवा अडकून राहते. धनगराची घोंगडी नेमके हेच काम करते. दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर कातून सनगर ती विणतात आणि चिंचोक्याची खळ देऊन तिला ताठपणा आणतात. घोंगडी उबदार असते असे आपण म्हणतो. परंतु ऊब घोंगडीची नसून माणसाची असते. लोकरीच्या तंतूंत कोंडलेली हवा तिला बाहेर जाऊ देत नाही, इतकेच. बर्फाची लादी लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळतात, तेव्हा तीच कोंडलेली हवा बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. थंडीत प्राण्यांचे केस उभे राहतात, म्हणजे हवेचा थर जाड होतो. आपल्या अंगावर काटा येतो तो याच कारणाने; केस मात्र आता नावालाच उरले आहेत.

या आवरणाचा एकच शत्रू आहे, पाणी. स्थिर हवेपेक्षा पाणी सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. लोकर भिजली, तिच्यातील हवेची जागा पाण्याने घेतली, की आवरण असून नसल्यासारखे होते. डिसेंबर २०२१ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत अवकाळी पाऊस आणि गार वारा एकाच वेळी आला आणि उघड्या रानात बसविलेल्या शेकडो मेंढ्या दगावल्या. ध्रुवाकडची थंडी तेथे नव्हती. सुकी असती तर ती रात्र मेंढ्यांनी सहज काढली असती. समुद्रात राहणाऱ्या देवमाशाने केसांचा भरवसा धरलाच नाही, त्याने कातडीखाली चरबीचा जाड थर बाळगला, यातील शहाणपण येथे ध्यानात येते.

आता प्रश्न राहिला पायांचा. अनवाणी पायांनी बर्फावर उभे राहिलेल्या लांडग्याचे तळवे गोठत कसे नाहीत? पायाकडे जाणारे गरम रक्त आणि पायाकडून परतणारे गार रक्त यांच्या नलिका एकमेकींना लागून असतात. जाणारे रक्त आपली उष्णता परतणाऱ्या रक्ताला देते. त्यामुळे ती शरीरातच राहते आणि तळव्याला जेमतेम पुरेल एवढीच मिळते. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लांडग्याचे व ध्रुवीय कोल्ह्याचे पाय उणे ३५ अंशांच्या द्रवात ठेवून पाहिले. तळव्यांची उष्णता गोठण्याच्या जरा वरच, सुमारे उणे एक अंशावर टिकून राहिली. इतकी काटकसर एखाद्या कसलेल्या गृहिणीलाही साधणे कठीण!

काही प्राणी थंडीशी झुंजतच नाहीत. लडाखमधील मार्मोट बिळात शिरतो आणि सारा हिवाळा झोपून काढतो.

नान्नजच्या लांडग्याच्या अंगावर दाट लव जवळजवळ नसतेच. त्याला उष्णता राखावयाची नसून टाकावयाची असते. त्याची पिल्लेही वेगळ्या ऋतूत जन्मतात. ध्रुवाकडील लांडगी मे-जूनमध्ये, बर्फ ओसरू लागले म्हणजे विते. माळावरची लांडगी बहुधा मार्गशीर्ष-पौषात, ऊन कोवळे असते तेव्हा.

त्याच दिवसांत धनगरांचे कळप शेतांतून बसलेले असतात आणि वाघरात कोकरे जन्मत असतात. जन्मलेले कोकरू ओले असते, म्हणून मेंढी प्रथम त्याला चाटून कोरडे करते. पहिल्या रात्रीसाठी त्याच्या अंगात तपकिरी रंगाची एक निराळी चरबी असते. ती जळून थेट उष्णता देते. माणसाच्या तान्ह्या बाळातही ती असते. तरीही गार वारा सुटला, की धनगर कोकराला उचलून आपल्या घोंगडीत घेतो. वाघराबाहेर कुत्रा जागा असतो. कारण माळावर लांडगाही आपल्या पिल्लांसाठी भक्ष्य शोधीत हिंडत असतो.