पावसातला खाडा

बाळा, तू कमिटीवर निवडून आलीस याचा मला फार आनंद झाला. पगारवाढ, बोनस, ग्रेड यांचं तुला शिकवणारे पुष्कळ भेटतील. पावसातल्या खाड्याचं कुणी शिकवत नाही. आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात कामगारांची मनं एकमेकांवरून उतरतात ती मात्र पुष्कळदा त्याच्यावरूनच. माझी सगळी नोकरी आधी टाइम ऑफिसच्या खिडकीत आणि मग युनियनच्या कामात गेली. त्यातून जे हाती लागलं ते तुला सांगतो.

पावसाचा तंटा कोरड्यात मिटवायचा. पाणी भरल्यावर जो तो आपल्या त्रासातून बोलतो. साहेबाला रखडलेली ऑर्डर दिसते, कामगाराला कापला जाणारा दिवस दिसतो. म्हणून मे महिन्यातच एचआरकडे जा आणि एका पानाची नोटीस काढून घे. गाडी बंद पडली तर कुणाला आणि किती वाजेपर्यंत कळवायचं, उशिरा पोहोचलेल्याचा दिवस अर्धा धरायचा की पूर्ण, कंपनीनेच लवकर सोडलं तर हजेरी कशी मांडायची, न आलेल्याचा दिवस कुठल्या रजेत टाकायचा, एवढं त्यात स्पष्ट हवं. ‘परिस्थिती पाहून निर्णय घेतला जाईल’ हे वाक्य मात्र येऊ देऊ नकोस. ते आलं की बाकीची नोटीस असून नसल्यासारखी.

सगळं रेड अलर्टवरही टांगू नका. हवामान खातं चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की त्याला सगळ्यात वरच्या वर्गात टाकतं, आणि इशारा बहुधा अख्ख्या जिल्ह्याला देतं. लाल इशारा असताना गाड्या वेळेवर धावलेल्या मी पाहिल्या आहेत. उलट भरतीच्या वेळी दोन तास कोसळला की कुर्ला-शीवला रूळ दिसेनासे होतात, मग इशाऱ्याचा रंग कोणताही असो. तेव्हा कसोटी एकच धरा: त्या माणसाच्या वाटेवर त्या वेळी गाडी किंवा रस्ता चालू होता का? रबाळ्याला राहणारा आणि बदलापूरला राहणारा, दोघांचा पाऊस एक असला तरी वाट एक नाही. ज्यांच्या मुलांच्या शाळा सकाळी सहाला अचानक बंद जाहीर होतात आणि घरात दुसरं मोठं माणूस नसतं, त्या बायांचाही विचार त्या पानावर झाला पाहिजे. त्या चालढकल करत नसतात.

‘सुट्टी जाहीर’ एवढंच टीव्हीवर वाचून कुणी घरी बसू नये, हेही सांगून ठेव. १९ ऑगस्ट २०२५ ला मुंबई महापालिकेने सरकारी-निमसरकारी कार्यालयं बंद ठेवली आणि खासगी कार्यालयांना घरून काम करू द्यायला सांगितलं. लेथवर उभ्या राहणाऱ्याला घरून काम कुठलं? आदेश कुणाचा, कुठल्या हद्दीसाठी आणि कुणाला लागू, हे शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं. तुझा भाऊ ऑफिसात आहे, त्याला वेगळं सांग. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, तो पूर्ण लागू होण्याइतकी माणसं असलेल्या ठिकाणी, वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत. त्यातल्या दोन तरी ऑगस्ट संपेपर्यंत हातात राखाव्यात.

आता सकाळी अडकलेल्या माणसाने काय करायचं? फोन करायचा, आणि फोन लागो न लागो, मेसेज टाकायचाच. बोललेलं वाऱ्यावर जातं. मेसेज असा असावा: ‘सकाळी ६.५०. बदलापूर स्टेशनवर आहे. ६.०५ पासून मुंबईकडे गाडी गेलेली नाही, सुरू कधी होईल याची घोषणा नाही. ९ वाजेपर्यंत थांबतो, गाडी मिळाली तर येतो, नाही तर पुन्हा कळवतो. दोन नंबर प्रेसचा डाय बदलायचा आहे, सेटर पाळीत आला असेल तर त्याला सांगावं.’ यात रडगाणं नाही. ठिकाण आहे, वेळ आहे, प्रयत्न आहे आणि मागे राहिलेल्या कामाची काळजी आहे. ती शेवटची ओळ वाचून फोरमनचा निम्मा राग उतरतो, कारण त्याची खरी अडचण तो डायच असतो. सोबत इंडिकेटरचा नाही तर फलाटाचा फोटो असावा आणि त्या महिन्याचा पास जपून ठेवावा. कोण कुठल्या मार्गाने येतं ते पासावरून कळतं.

पाऊस आहे तर पाऊसच सांगायचा. ‘पोट बिघडलं’, ‘ताप आला’ हे कुणालाही सांगू देऊ नकोस. आजार सांगितला की डॉक्टरचा कागद मागतात. मग तो कुठून तरी आणावा लागतो आणि जिथे माणूस पूर्ण खरा होता तिथेच तो खोटा ठरतो. खोट्या सर्टिफिकेटची केस घेऊन कमिटी मॅनेजमेंटपुढे बसते तेव्हा तिला तोंड वर करून बोलता येत नाही.

आणखी एक, हे फार जपून ऐक. लाइनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आज कुणीच जायचं नाही’ असं कुणी लिहिलं, तर लगेच फोन करून त्याला ते काढायला लाव. एकेकट्याचा खाडा पडला तर न आलेल्या वेळेपुरताच पगार कापता येतो. पण दहा किंवा जास्त जण ठरवून, आधी न कळवता आणि सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिले, तर करारात तशी अट असल्यास आठ दिवसांपर्यंतचा पगार कापायची मुभा जुन्या पेमेंट ऑफ वेजेस ॲक्टमध्ये होती आणि ती नव्या वेतन संहितेतही आली आहे. खरोखर अडकलेली चाळीस माणसं त्या एका ओळीमुळे संप केल्यासारखी दिसायला लागतात. प्रत्येकाने आपापला मेसेज आपापल्या कारणासह पाठवावा.

कधी उलटंही होतं. माणसं कशीबशी गेटवर येतात आणि आत पाणी, मशीन बंद. अशा वेळी गेटवरून तसंच परत फिरायचं नाही. नैसर्गिक आपत्तीमुळे काम देता आलं नाही तर तो ले-ऑफ होतो. पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात वर्षभर सलग नोकरी झालेल्या, मस्टरवर नाव असलेल्या कामगाराला मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई द्यावी लागते. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही हे आहे. मात्र ठरल्या वेळी हजर झालं नाही तर हक्क जातो. म्हणून सही करायची, वेळ टाकायची, मग घरी जायचं. आणि येऊच नका असा निरोप आला तर तो मॅनेजरकडून लेखी घ्यायचा, म्हणजे पुढे ‘तू हजर नव्हतास’ असं कुणी म्हणणार नाही.

आता सगळ्यात अवघड जागा. मॅनेजमेंटशी भांडण सोपं असतं, समोरचा कोण ते ठाऊक असतं. पण दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये घणसोलीचा माणूस म्हणतो, ‘मी गुडघाभर पाण्यातून आलो, सोळा तास उभा राहिलो, आणि तो टिटवाळ्यात घरी बसला. दोघांचा पगार सारखा?’ त्याचं म्हणणं खोटं नाही. त्याला ‘एकी राख’ म्हणून गप्प करू नकोस. त्याच्या दमलेपणाचा मोबदला वेगळा मागून दे: जादा तासांचा दुप्पट ओव्हरटाइम, रात्रीचं जेवण, झोपायला कोरडी जागा, दुसऱ्या दिवशीची भरपाई सुट्टी. जो आला त्याला कंपनीने द्यायचं, न आलेल्याच्या पगारातून काढून नव्हे. हे एकदा नीट मांडलं की घणसोलीवाल्याचा राग टिटवाळेवाल्यावर राहत नाही. आणि टिटवाळेवाल्यालाही सांग, आल्यावर आधी त्याच्या मशीनपाशी जाऊन विचार, काल किती ताण पडला. नियमांनी पगार सुटतो, पण शेजारी-शेजारी वर्षानुवर्षं उभं राहायचं तर हे विचारणं लागतं.

बुडालेला दिवस रविवारी भरून द्यायचा ठरला तर तो साप्ताहिक सुट्टीचा बदल आहे की ओव्हरटाइम, हे आधी नोटीस बोर्डावर लागू दे. मागाहून त्यावर हमखास वाद होतो.

संध्याकाळी सोडण्याच्या बाबतीत मात्र अडून बस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. रस्त्यात अडकलेल्या गाड्यांत गुदमरून माणसं गेली, पाण्यातून चालताना वाहून गेली. हजारो लोक ऑफिसांत आणि कारखान्यांत रात्रभर राहिले आणि त्यांना काही झालं नाही. गाड्या थांबायच्या आत सोडता येत असेल तर दुपारीच सोडायला लाव. ती वेळ टळली असेल तर कुणालाही, विशेषतः दुसऱ्या पाळीच्या मुलींना, ‘जा तुमच्या जबाबदारीवर’ म्हणून गेटबाहेर काढू देऊ नकोस. कामावर येता-जाता झालेला अपघात, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, ईएसआयच्या कायद्यात कामावरचाच धरतात, हे साहेबांच्याही कानावर असू दे. आणि आपल्या माणसांना सांग, एका दिवसाच्या रोजासाठी वाहत्या पाण्यात पाय घालायचा नाही. तो रोज मी लढून आणीन, एवढा शब्द तू द्यायला हवास.

एवढं करूनही शोकॉज आलीच तर घाबरायचं नाही. ती घेताना तारीख टाकून ‘मिळाली’ एवढंच लिहायचं, ‘चूक झाली, माफ करा’ असं काही लिहायचं नाही. मुदतीत उत्तर द्यायचं, ते अर्ध्या पानाचं असावं: तारीख, मार्ग, केलेला प्रयत्न, पाठवलेले मेसेज, सोबत फोटो आणि पासाची झेरॉक्स. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. स्थायी आदेशात गैरवर्तन म्हणून लिहिलेली असते ती वारंवारची किंवा दहा दिवसांहून जास्त विनारजा गैरहजेरी. पावसातला एक दिवस त्यात बसत नाही, हे शांतपणे दाखवून द्यायचं. ज्याचे वर्षभर सोमवारी खाडे असतात त्याची केस मात्र वेगळी. त्याला आधी एकांतात समज दे, पावसाच्या यादीत त्याचं नाव घुसडू नकोस. एका नावामुळे सगळ्या यादीवर शंका येते.

नोटिशीचा मसुदा घेऊन जाशील तेव्हा त्यात ठेकेदाराची माणसं आहेत का ते आधी बघ. बहुतेक वेळा ती सुटतात, आणि दिवा-मुंब्र्यापलीकडून सर्वांत जास्त तीच येतात. ‘सर्व कामगार’ असं मोघम नको, ‘ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांसह’ असे शब्द घालून घे, आणि ठेकेदाराच्या मुकादमाचीही त्यावर सही घे.