संकटकाळातील बिनतारी वाट आणि तिचा कायदा

घंटा वाजवीत येणाऱ्या अग्निशामक बंबाला वाट करून द्यावी, हा नियम जवळजवळ सर्वच देशांत पाळला जातो. टांगेवाल्यापासून मोटारवाल्यापर्यंत सारे बाजूला सरतात आणि बंब निघून जातो. परंतु त्याच बंबावरील जवानाने बिनतारी यंत्रावरून पाठविलेल्या संदेशाला अशी वाट कोणी द्यावयाची? आकाशातील वाटा डोळ्यांना दिसत नाहीत. त्या मर्यादित आहेत आणि त्यांना गिऱ्हाइके पुष्कळ आहेत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नाचा निकाल लावण्यास कायदेमंडळाला कित्येक वर्षे लागली. विज्ञान, पैसा आणि राजकारण एकमेकांत कसे गुंतत जातात, हे दाखविणारे ते एक बोलके उदाहरण आहे.

या प्रश्नाची धार लोकांना प्रथम जाणवली ती ११ सप्टेंबर २००१ रोजी. न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राचा दक्षिण मनोरा सकाळी ९ वाजून ५९ मिनिटांनी कोसळला. उत्तर मनोरा १० वाजून २८ मिनिटांपर्यंत उभा होता. मधल्या अवधीत पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधील वैमानिकांनी उत्तर मनोराही फार काळ टिकणार नाही, असा इशारा आपल्या यंत्रणेवरून दिला. तो पोलिसांना ऐकू गेला. आत जिने चढत असलेल्या अग्निशामक जवानांपर्यंत मात्र तो थेट पोहोचण्याची सोय नव्हती. दोन्ही दले एकाच शहराची, एकाच इमारतीत काम करणारी; पण त्यांच्या वाहिन्या निराळ्या होत्या. अग्निशामक अधिकाऱ्यांनी स्वतः दिलेला बाहेर पडण्याचा हुकूमही अनेकांना मिळाला नाही. त्या दिवशी अग्निशामक दलाची ३४३ माणसे मृत्युमुखी पडली. चौकशी आयोगाने २००४ मधील आपल्या अहवालात यंत्रांतील दोष हे या मृत्यूंचे प्रमुख कारण मानले नाही, हे येथे सांगितले पाहिजे. पुढे या घटनेचा उल्लेख करताना ही गोष्ट पुष्कळदा गाळली गेली. तथापि सार्वजनिक सुरक्षिततेसाठी अधिक तरंगपट्टे लवकरात लवकर मोकळे करणारा कायदा करावा, अशी शिफारस त्याच अहवालात होती.

तरंगपट्टा म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. प्रत्येक बिनतारी संदेश ठरावीक कंप्रतेच्या तरंगांवरून जातो. बोललेला शब्द वाहून नेण्यास अगदी अरुंद पट्टा पुरतो. पोलिसांच्या खांद्यावरील जुन्या यंत्राचे काम तेवढ्यावर भागत असे. परंतु जळत्या इमारतीचा नकाशा, रुग्णवाहिकेतील रोग्याच्या हृदयाचा आलेख किंवा घटनास्थळाचे चलच्चित्र पाठवावयाचे तर रुंद पट्टा लागतो. यालाच ब्रॉडबँड म्हणतात. सगळेच पट्टे सारखे उपयोगाचे नसतात. ७०० मेगॅहर्ट्झच्या आसपासचे तरंग दूरवर जातात आणि भिंतींतूनही बऱ्यापैकी आरपार पोहोचतात. म्हणून थोड्या मनोऱ्यांत मोठा प्रदेश व्यापता येतो. साहजिकच या जागेवर सर्वांचाच डोळा होता.

ही जागा पूर्वी दूरचित्रवाणीच्या ताब्यात होती. १९९७ च्या एका कायद्याने ६३, ६४, ६८ व ६९ या चार वाहिन्यांची मिळून २४ मेगॅहर्ट्झ जागा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी राखून ठेवण्यात आली. पण कायद्यात एक पळवाट होती. प्रक्षेपकांनी २००६ च्या अखेरीस जुन्या वाहिन्या सोडाव्यात, मात्र एखाद्या भागातील ८५ टक्के घरांत नव्या अंकीय प्रक्षेपणाची सोय झालेली नसेल तर मुदत वाढावी, असे त्यात म्हटले होते. घर देण्याचे वचन द्यावे आणि जुना भाडेकरू कधी उठणार हे त्याच्याच सोयीवर सोपवावे, तसाच हा प्रकार झाला. अखेर पुढच्या एका कायद्याने पक्की तारीख ठरली, तीही एकदा पुढे ढकलली गेली, आणि १२ जून २००९ रोजी ती जागा खऱ्या अर्थाने रिकामी झाली. मनोरे कोसळले तेव्हा ती कागदोपत्री पोलिसांची होती. प्रत्यक्षात तीवर करमणुकीचे कार्यक्रम चालू होते.

दरम्यान आणखी एक प्रयोग फसला. सुरक्षिततेच्या पट्ट्याला लागूनच १० मेगॅहर्ट्झचा ‘डी’ नावाचा एक तुकडा होता. तो एखाद्या कंपनीने विकत घ्यावा आणि शेजारच्या सरकारी पट्ट्यासह देशभर एकच जाळे उभारावे, अशी केंद्रीय दळणवळण आयोगाची कल्पना होती. २००८ च्या लिलावात इतर तुकड्यांसह एकंदर सुमारे १,९०० कोटी डॉलर जमा झाले. परंतु ‘डी’ तुकड्यासाठी किमान किंमत सुमारे १३३ कोटी डॉलर ठेवली असताना ४७ कोटी २० लाखांची एकच बोली आली. किती मनोरे बांधावयाचे, पोलिसांना काय दराने सेवा द्यावयाची, हे काहीच निश्चित नसताना शहाणा व्यापारी पैसे घालणार कसा?

मग वाद उभा राहिला. आयोगाने २०१० मध्ये सुचविले की, ‘डी’ तुकडा पुन्हा लिलावात काढावा, आणि मोठ्या आपत्तीत पोलिसांना व अग्निशामकांना खासगी जाळ्यांवर अग्रक्रम मिळावा. हिशेबाच्या दृष्टीने ही सूचना टाकाऊ नव्हती. लाखो ग्राहकांसाठी बनणारी यंत्रे स्वस्त पडतात. देशभरच्या पोलीस व अग्निशामक अधिकाऱ्यांनी मात्र ती धुडकावली. आपत्तीच्या दिवशी सामान्य माणूसही घरच्यांना फोन लावीत असतो, नेमक्या त्याच घटकेस खासगी जाळे तुंबते. आणि शाळकरी मुलाच्या खिशातील फोन हवालदाराच्या यंत्राहून अधिक करामती करतो, हे लाजिरवाणे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. जानेवारी २०११ मध्ये ओबामा प्रशासन त्यांच्या बाजूस आले. सिनेटमध्ये जे रॉकफेलर व के बेली हचिसन, तर प्रतिनिधिगृहात पीटर किंग व बेनी टॉम्प्सन यांनी परस्परविरोधी पक्षांचे असूनही विधेयके पुढे रेटली. हल्ल्याचे दहावे स्मृतिवर्ष उलटले, तरी कायदा झालेला नव्हता.

तो झाला २२ फेब्रुवारी २०१२ रोजी, आणि तोही आडवाटेने. पगारावरील करसवलत व बेकारी भत्ता यांची मुदत वाढविणाऱ्या विधेयकाचे सहावे प्रकरण म्हणून तो मंजूर झाला. याचे कारण भावनेपेक्षा हिशेबात होते: तरंगपट्ट्यांच्या लिलावांतून येणारा पैसा सरकारला हवा होता, आणि त्याच पैशातून सुरक्षिततेचे जाळेही बांधता येणार होते. ‘डी’ तुकडा शेजारच्या पट्ट्याला जोडून २० मेगॅहर्ट्झचा एक परवाना ‘फर्स्टनेट’ या नव्या प्राधिकरणाला दिला गेला. त्याचे मंडळ १५ जणांचे, खर्चासाठी ७०० कोटी डॉलर, आणि पुढे आपल्या उत्पन्नावर चालण्याची अट. राज्यांचा मान राखण्यासाठी अशीही तरतूद केली की, प्राधिकरणाची योजना हाती आल्यावर राज्यपालाने ९० दिवसांत ती स्वीकारावी किंवा आपल्या राज्यापुरते मनोरे स्वतः उभारावेत. २०१५ मध्ये संपलेल्या एका लिलावात ४,००० कोटींहून अधिक डॉलर आले आणि पैशाची चिंता मिटली.

या देण्याघेण्यात एक किंमत मात्र भलत्यांच्याच माथी आली. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस यांसारख्या अकरा महानगर विभागांतील पोलीस ४७० ते ५१२ मेगॅहर्ट्झच्या पट्ट्यावर बोलत असत. नवा पट्टा मिळतो आहे तर हा परत करावा, असे कायद्याने फर्मावले. नवे जाळे माहिती वाहून नेणारे होते, जुना पट्टा आवाजाचा. एकाची जागा दुसरा घेऊ शकत नव्हता. ही तरतूद डिसेंबर २०२० मध्ये रद्द करण्यात आली.

३० मार्च २०१७ रोजी प्राधिकरणाने एटीअँडटी कंपनीशी २५ वर्षांचा करार केला. सरकारने तरंगपट्टा आणि ६५० कोटी डॉलर द्यावयाचे, कंपनीने सुमारे ४,००० कोटी खर्चून जाळे उभारावयाचे व चालवावयाचे. पट्टा रिकामा असेल तेव्हा तिने तो आपल्या ग्राहकांसाठी वापरावा. संकट आले की जवानाच्या संदेशाला अग्रक्रम मिळतो, आणि जाळे भरलेच असेल तर इतरांना तात्पुरते दूर सारून त्याला जागा दिली जाते. सर्वच्या सर्व ५० राज्यांनी ही योजना पत्करली.

अशा हक्काचे मोल २०१८ च्या उन्हाळ्यात दिसून आले. उत्तर कॅलिफोर्नियात वणवा पेटला असताना सांता क्लारा परगण्याच्या अग्निशामक दलाच्या समन्वय वाहनाने एका खासगी कंपनीची साधी सेवा घेतली होती. ठरलेली मर्यादा ओलांडताच तिचा वेग सुमारे दोनशेव्या हिश्श्यावर आणला गेला. पुढील वर्षी कॅलिफोर्नियाने आणीबाणीत अशी कपात करण्यास कायद्याने मनाई केली. भारतातही २०२३ च्या दूरसंचार कायद्यात, आपत्तिनिवारणास अधिकृत केलेल्या व्यक्तींचे संदेश अग्रक्रमाने पाठविण्याची व्यवस्था करण्याचा अधिकार सरकारला दिलेला आहे. त्यासाठी निराळ्या जाळ्याची शिफारस नियामक प्राधिकरणाने जून २०१८ मध्येच केली होती.

अग्रक्रम असला, तरी जाळे उभे असावे लागते. २५ डिसेंबर २०२० रोजी नॅशव्हिल शहरात कंपनीच्या दूरध्वनी इमारतीबाहेर स्फोट झाला, आणि सामान्य ग्राहकांबरोबर फर्स्टनेटची सेवाही त्या भागात विस्कळीत झाली. मनोऱ्याच्या मदतीवाचून एका यंत्राशी दुसरे यंत्र थेट बोलू शकते, हा जुन्या बिनतारी यंत्राचा गुण म्हणूनच अग्निशामकांना सोडवत नाही.

कायद्यातील एक गाठ मात्र आरंभापासून तशीच राहिली. प्राधिकरणाचे आयुष्य त्यात १५ वर्षांचे, म्हणजे फेब्रुवारी २०२७ पर्यंतचे लिहिलेले आहे. कंपनीशी झालेल्या कराराची मुदत २०४२ पर्यंतची आहे.