मोड कोठून आणावी?

रुपयाचे पैसे चौसष्ट, हे आम्ही लहानपणी घोकले. पण ते पैसेच बाजारातून नाहीसे झाले तर? मालवणच्या बाजारात आण्याचे बांगडे घेणाऱ्याने रुपया पुढे केला, तर मासळीवाली मोड कोठून देणार? मोडीअभावी गरिबाचाच सौदा अडतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ च्या सुमारास, हिंदुस्थानात हेच घडले. लोकांनी खुर्दा दडविला. सरकारने १९४३ साली तांबे वाचविण्यासाठी भोकाचा हलका पैसा पाडला. काठेवाडातील मोरवी, नवानगर इत्यादी संस्थानांनी तर लहान रकमांची कागदी कुपने काढली. संस्थानाची शीव ओलांडली की ती रद्दीच! पहिल्या महायुद्धात व त्यानंतर जर्मनीतील नगरांनीही अशाच नोटा छापल्या होत्या. त्यांवरील चित्रे इतकी सुबक की पुढे पुढे त्या केवळ संग्राहकांना विकण्याकरिताच निघू लागल्या. मोड मात्र तशीच अडलेली!